तयार मालाचा कार्बन आकडा दर महिन्याला बिघडतोय? बीओएमच्या (वस्तू बनवायला काय किती लागतं त्या यादीच्या) खालच्या टोकापासून शोधायला लागा

लक्षण ओळखीचं आहे. उत्पादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये कार्बनचं मॉड्यूल सुरू केलं, कच्च्या मालाला उत्सर्जन गुणांक (किलोमागे किंवा युनिटमागे किती कार्बन धरायचा तो आकडा) लावले, वर्क सेंटरला, म्हणजे काम होतं त्या यंत्राला किंवा विभागाला, वीज जोडली, आणि पहिल्या महिन्यात तयार मालाचे आकडे बरे दिसले. पुढच्या महिन्यात एका वस्तूचा आकडा शून्य, दुसरीचा दुप्पट, तिसरीचा कोणी हातही न लावता दहा-बारा टक्क्यांनी खाली. कोणीतरी बसून ते दुरुस्त करतं. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा तेच, फक्त वस्तू वेगळ्या.

एकदा दुरुस्त केलेलं परत बिघडतं, कारण दुरुस्ती होते तयार मालावर आणि बिघाड असतो दोन-तीन पातळ्या खाली. ग्राहकाला उद्या आकडा पाठवायचा असतो, म्हणून आयटम मास्टर (वस्तूची मूळ नोंद) उघडून ‘नगाला ४.६ किलो’ असं हाताने टाकलं की त्या दिवसापुरतं काम भागतं. पण ती वस्तू पुढे दुसऱ्या असेंब्लीत सब-असेंब्ली म्हणून गेली, की सॉफ्टवेअरपुढे दोन आकडे येतात: एक हाताने टाकलेला आणि एक बीओएममधून वर आलेला. काही सॉफ्टवेअर हाताने टाकलेला घेतात, काही बीओएममधला घेतात, काही दोन्ही बेरजेत धरतात. तुमचं सॉफ्टवेअर यातलं काय करतं, हे सगळ्यात आधी तपासा. पुस्तिका वाचण्यापेक्षा दोन ओळींची एक खोटी बीओएम बनवा, वस्तूलाही गुणांक द्या आणि कच्च्या मालालाही द्या. उत्तर समोर येईल.

नियम सोपा आहे, पाळणं कठीण. गुणांक फक्त बाहेरून येणाऱ्या गोष्टींना लावायचा: विकत घेतलेला माल, विकत घेतलेली सेवा, वीज आणि इंधन. कारखान्यात बनलेल्या कुठल्याही वस्तूला स्वतःचा गुणांक नको. तिचा आकडा नेहमी काढलेलाच असला पाहिजे.

हा नियम मोडतो तो मुख्यतः कॅटेगरीमुळे. सोय म्हणून गुणांक एकेका वस्तूवर न लावता ‘स्टीलचे भाग’ अशा कॅटेगरीवर लावलेला असतो. त्या कॅटेगरीत विकतचे भागही असतात आणि आपण बनवलेलेही. स्टोअरमधला माणूस नवीन कोड उघडतो, जवळची वाटेल ती कॅटेगरी निवडतो, आणि आपण बनवलेल्या भागाला आपोआप विकतच्या स्टीलचा गुणांक चिकटतो. म्हणून जुन्या वस्तू नीट असतात आणि दर महिन्याला नव्या वस्तू बिघडतात. यावर उपाय शिस्तीचा नाही, रचनेचा आहे. ‘बनवलेले’ आणि ‘विकत घेतलेले’ यांच्या कॅटेगरी वेगळ्या करा आणि बनवलेल्यांच्या कॅटेगरीत गुणांकाचा रकाना बंद करून टाका. एकच भाग कधी आत बनतो, कधी बाहेरून येतो, अशी स्थिती असेल तर गुणांक वस्तूवर न लावता पुरवठादाराच्या ओळीवर लावा, म्हणजे खरेदी झाली तरच तो लागू होईल.

आधी एक नग हाताने सोडवा

शंभर वस्तूंचा रिपोर्ट बघत बसू नका. एक वस्तू घ्या, एक नग घ्या, आणि कागदावर गणित करा. मी इथे एक पावडर कोटिंग केलेलं स्टीलचं ब्रॅकेट घेतो. यातले वापराचे आणि गुणांकांचे आकडे उदाहरणापुरते धरलेले आहेत, तुमचे वेगळे असतील. गॅसचा तेवढा आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या मंडळाच्या) २००६ च्या मार्गदर्शिकेतला आहे, गिगाज्यूलला ५६.१ किलो.

बीओएम १०० नगांची आहे. पत्रा १५० किलो, बोल्ट ४०० नग (एकेक १२ ग्रॅमचा), पावडर ६ किलो. ऑपरेशनमध्ये वीज ९० युनिट आणि भट्टीचा नैसर्गिक वायू ०.४५ गिगाज्यूल. एका नगाला आणलं की असं होतं:

पत्रा १.५ किलो × २.३ = ३.४५
बोल्ट ०.०४८ किलो × २.६ = ०.१२५
पावडर ०.०६ किलो × ४ = ०.२४
वीज ०.९ युनिट × ०.६ = ०.५४
गॅस ०.००४५ गिगाज्यूल × ५६.१ = ०.२५

बेरीज साधारण ४.६१ किलो कार्बन डायऑक्साइड समतुल्य. आता सॉफ्टवेअरचा आकडा शेजारी ठेवा, पण बेरजेशी बेरीज जुळवू नका. ओळीशी ओळ जुळवा. बेरीज जुळली तरी दोन चुका एकमेकींना खाऊन बसलेल्या असू शकतात, आणि महिन्याभराने त्यातली एक सुधारली की दुसरी उघडी पडते. मग जिने चूक सुधारली तिच्यावरच खापर फुटतं.

सॉफ्टवेअर ४६०.७ दाखवत असेल तर बीओएमच्या मूळ संख्येने, म्हणजे १०० ने, भागाकार झालेला नाही. ही चूक ओरडून सांगते, लगेच सापडते. खरी डोकेदुखी न ओरडणाऱ्या चुकांची आहे.

आकडा थोडासाच कमी येतो तेव्हा

या प्रकाराला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण रिपोर्ट बघून तो कोणालाच खटकत नाही.

पहिली जागा ऑपरेशनची वेळ. साहित्य १०० नगांसाठी लिहिलेलं असतं, पण ऑपरेशनची वेळ कोणी ‘एका नगाला’ म्हणून भरलेली असते. सॉफ्टवेअर सगळंच १०० ने भागतं. विजेचे ०.५४ किलो ०.००५४ होतात आणि एकूण आकडा ४.०७ वर येतो. जवळजवळ बारा टक्के गायब, आणि तरी ४.०७ हा आकडा अगदी खरा वाटतो. खुणेची गोष्ट एकच: आकड्याचं साहित्य, वीज आणि गॅस असं विभाजन मागा. विजेचा हिस्सा जवळजवळ शून्य दिसला की समजा.

दुसरी जागा पत्र्याचं वजन. डिझाइनकडून आलेल्या ड्रॉइंगमध्ये भागाचं निव्वळ वजन असतं, इथे १.२ किलो. पण कापताना लागतो १.५ किलो पत्रा, उरलेला भंगारात जातो. बीओएम ड्रॉइंगवरून भरली असेल तर पत्र्याचे ३.४५ किलो २.७६ होतात आणि एकूण आकड्यातून पंधरा टक्के उडतात. स्टोअरचा साठा मात्र दर महिन्याला कमी पडतो आणि कोणीतरी साठा-दुरुस्तीची नोंद करून तो जुळवतं. त्या साठा-दुरुस्तीच्या नोंदींमध्येच तुमचा हरवलेला कार्बन असतो. महिन्याच्या दुरुस्त्यांची यादी काढून कोणता कच्चा माल सतत एकाच दिशेने कमी होतोय ते बघा. त्या मालाची प्रत्येक बीओएम संशयास्पद.

भंगाराचा विषय निघालाच आहे तर त्यातली गुंतागुंतही बघून घेऊ. काही जण भंगार उप-उत्पादन म्हणून बीओएममध्ये टाकतात आणि सॉफ्टवेअर वजनाच्या प्रमाणात बोजा वाटून देतं. आपल्या उदाहरणात १५० किलोपैकी ३० किलो भंगार, म्हणजे पत्र्याच्या कार्बनचा पाचवा हिस्सा भंगाराच्या माथी मारला जातो आणि ब्रॅकेट अचानक स्वच्छ दिसू लागतं. जीएचजी प्रोटोकॉल (हरितगृह वायूंच्या हिशोबाचे आंतरराष्ट्रीय नियम) याच्या २०११ च्या उत्पादन मानकात पुनर्वापराच्या हिशोबाच्या दोन पद्धती दिल्या आहेत: एकीत पुनर्वापरित माल वापरणाऱ्याला फायदा मिळतो, दुसरीत शेवटी तो परत देणाऱ्याला. कुठलीही एक घ्या, पण पुरवठादाराच्या गुणांकात पुनर्वापरित स्टीलचा फायदा धरलेला असताना तुम्ही भंगारावर पुन्हा श्रेय घेतलंत, तर एकाच किलोचा फायदा दोनदा मोजला जातो. माझं मत विचाराल तर भंगाराला शून्य बोजा द्या, सगळं वजन ब्रॅकेटवर राहू द्या. थोडा जास्त आकडा आला तरी तपासणीत तो टिकतो.

तिसरी जागा दशांश स्थळं. एक ग्रॅमचा वॉशर, गुणांक २.६, म्हणजे ०.००२६ किलो. सॉफ्टवेअरमध्ये दोनच दशांश ठेवले असतील तर ०.००. मोठ्या यंत्रात असे शेकडो छोटे भाग असतात आणि सगळे फुकट होतात. कार्बनच्या रकान्याला किमान सहा दशांश द्या आणि पूर्णांकन फक्त छापताना करा. किमतीच्या रकान्याची दशांश सेटिंग कार्बनलाही लागू होते का, हेही बघा. बऱ्याचदा होते.

चौथी जागा बीओएमबाहेरचा वापर. वेल्डिंगचा शील्डिंग गॅस याचं ठळक उदाहरण. कार्बन डायऑक्साइड किंवा त्याचं आर्गॉनबरोबरचं मिश्रण सिलिंडरमधून थेट हवेत जातं, एक किलो कार्बन डायऑक्साइड म्हणजे हिशोबातही एक किलो. पण गॅस ‘कन्झ्युमेबल’ म्हणून खर्चात टाकलेला असतो, बीओएममध्ये नसतो, त्यामुळे कार्बनच्या मॉड्यूलला तो दिसतच नाही. कापण्याचं तेल, कोटिंगआधीची रसायनं, सगळ्यांचं तेच. प्रत्येक नगाला मोजणं शक्य नसेल तर वर्क सेंटरच्या तासाला एक दर ठरवून टाका.

आकडा शून्य येतो तेव्हा

यात शोधायला फार काही नाही. गुणांक सापडला नाही की सॉफ्टवेअर चूक दाखवण्याऐवजी शून्य धरतं. प्रश्न इतकाच की तो का सापडला नाही.

बहुतेक वेळा उत्तर तारखेत असतं. गुणांकाची मुदत ३१ डिसेंबरला संपते, नवीन गुणांक फेब्रुवारीत कोणीतरी भरतं, आणि मधल्या सगळ्या वर्क ऑर्डरी शून्यावर बंद होतात. नंतर गुणांक भरला तरी बंद झालेल्या ऑर्डरी आपोआप पुन्हा मोजल्या जात नाहीत. म्हणून काही कारखान्यांत दर वर्षी जानेवारीचा माल सगळ्यात ‘हरित’ असतो! मुदतीची शेवटची तारीख भरूच नका. नवीन गुणांक आला की त्याची सुरुवातीची तारीख जुन्याला आपोआप बाद करेल, अशी रचना ठेवा.

दुसरं कारण एकक. गुणांक किलोला, खरेदी नगात, आणि वस्तूच्या मास्टरमध्ये नगाचं वजन भरलेलं नाही. किंवा वजन भरलंय पण ते पॅकिंगसह. पाउंड आणि किलो मिसळले तर आकडा शून्य येत नाही, ०.४५३६ पट किंवा २.२ पट चुकतो. म्हणून नेमक्या याच प्रमाणात फरक दिसला तर दुसरीकडे शोधू नका.

कायमचा इलाज: ‘रिकामं’ आणि ‘शून्य’ या दोन वेगळ्या गोष्टी करा. गुणांक नसेल तर वस्तूचा आकडा रिकामा दिसला पाहिजे आणि ज्या ज्या असेंब्लीत ती जाते तिचाही रिकामा. लोक कुरकुर करतील. करू द्या. ज्याला खरोखर शून्य द्यायचं आहे त्याने ते हाताने शून्य म्हणून भरावं आणि कारण लिहावं.

दुप्पट येतो तेव्हा

विजेकडे आधी बघा. वर्क सेंटरवर वीज मोजली जाते आणि महिन्याच्या शेवटी वीजबिल हिशोबात चढतं तेव्हा त्या खात्यालाही गुणांक लावलेला असतो. कंपनीच्या एकूण अहवालासाठी बिल बरोबर आहे, वस्तूच्या आकड्यासाठी वर्क सेंटर बरोबर आहे. दोन्हींची बेरीज कधीच बरोबर नाही. वाहतुकीचंही तसंच: पुरवठादाराचा गुणांक ‘तुमच्या दारापर्यंत’ असेल आणि तुम्ही ट्रकचं बिल वेगळं मोजत असाल, तर तोच ट्रक दोनदा धावतो. पुरवठादाराकडून आकडा घेताना तो त्याच्या फाटकापर्यंतचा आहे की तुमच्या, एवढं तरी लिहून मागा.

जॉब वर्कवर बाहेर जाणारा माल हा दुसरा मोठा गुन्हेगार. ब्रॅकेट झिंकच्या मुलाम्यासाठी बाहेर पाठवलं, परत आलं. परत येताना ते नवीन कोडने येतं आणि त्या कोडला ‘झिंक मुलामा दिलेलं स्टील’ असा गुणांक लावलेला असतो, ज्यात स्टीलही आहे. तुमचं स्टील तर बीओएममधून आधीच आलंय. इथे गुणांक फक्त मुलाम्याच्या सेवेचा हवा, चौरस मीटरला किंवा किलोला.

सेवेला पैशांवरचा गुणांक लावलेला असेल तर आणखी एक गंमत होते. भाव वाढला की कार्बन वाढतो, घासाघीस करून भाव उतरवला की कार्बन उतरतो. खरेदी विभागाला श्रेय द्यायला हरकत नाही, पण वातावरणात काही फरक पडलेला नसतो. पैशांवरचे गुणांक कुठे कुठे लावलेत त्याची यादी काढा आणि सगळ्यात मोठ्या रकमांपासून ते वजनावर किंवा क्षेत्रफळावर आणायला लागा.

कोणी काही न बदलता आकडा हलतो तेव्हा

पुनर्गणनेचं बटण दाबा. आकडा लिहून ठेवा. डेटाला हात न लावता पुन्हा दाबा. दुसऱ्यांदा आकडा बदलला तर दोष हिशोबाच्या क्रमात आहे: सॉफ्टवेअरची रात्री आपोआप चालणारी पुनर्गणना असेंब्ली आधी मोजते आणि तिच्या पोटातली सब-असेंब्ली नंतर, त्यामुळे वरच्या वस्तूला कालचाच आकडा मिळतो. तीन पातळ्या असतील तर बदल वर पोचायला तीन रात्री लागतात. साहित्य नियोजनात हा प्रश्न फार पूर्वी सुटलेला आहे. प्रत्येक वस्तू कुठल्याही बीओएममध्ये सगळ्यात खाली कोणत्या पातळीला येते तो क्रमांक काढायचा आणि सगळ्यात खालच्या पातळीपासून मोजत वर यायचं. सॉफ्टवेअरमध्ये हा लो-लेव्हल कोड नियोजनासाठी असतोच, कार्बनच्या कामाला तो वापरायला सांगा.

क्रम बरोबर असूनही आकडा प्रत्येक दाबाला वाढतच जात असेल तर कुठेतरी वर्तुळ आहे. प्लास्टिकच्या मोल्डिंगमध्ये हे हमखास होतं: रनर (साच्याच्या वाटेत उरलेलं प्लास्टिक) दळून त्याच दाण्यात परत मिसळतात आणि तो त्याच कोडने येतो. दळलेल्या मालाला वेगळा कोड द्या. भंगाराला शून्य बोजा हे धोरण असेल तर त्याच्यावर फक्त दळण्याची वीज पडेल आणि वर्तुळ तुटेल.

महिन्यागणिक हलणाऱ्या आकड्याचं आणखी एक कारण आहे आणि तो बिघाड नाही. समजा मीटरवर महिन्याला २४,००० युनिट आली आणि वर्क ऑर्डरींनी १५,००० चा हिशोब दिला. उरलेली ९,००० कॉम्प्रेसरची गळती, भट्टी तापवणं, दिवे, रिकामी चालणारी यंत्रं यांची. ती त्या महिन्याच्या नगांवर वाटली तर १०,००० नगांच्या महिन्यात नगाला ०.९ युनिट पडतात आणि ४,००० नगांच्या महिन्यात २.२५. आपल्या ०.६ च्या गुणांकाने फरक ०.८१ किलोचा, ४.६१ च्या वस्तूवर! मागच्या बारा महिन्यांची सरासरी घेऊन दर ठरवा आणि तो वर्षातून एकदाच बदला.

विजेच्या गुणांकाबद्दल एवढंच की २०१५ पासून जीएचजी प्रोटोकॉल ग्रिडच्या सरासरीवरचा आणि करारावरचा असे दोन आकडे वेगळे ठेवायला सांगतो. सॉफ्टवेअरमध्ये एकच रकाना असेल आणि एका महिन्यात कोणी हरित विजेच्या कराराचा गुणांक, दुसऱ्या महिन्यात ग्रिडचा भरला, तर आकडा उडी मारणारच. दोन रकाने करून घ्या.

मिथेनच्या गुणकाकडेही, म्हणजे एक किलो मिथेन किती किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा धरायचा त्या आकड्याकडेही, नजर असू द्या. आयपीसीसीच्या चौथ्या अहवालात शंभर वर्षांसाठी तो २५ होता, पाचव्यात २८, सहाव्यात जीवाश्म मिथेनसाठी २९.८. एका पुरवठादाराचा आकडा एका अहवालावर आणि दुसऱ्याचा दुसऱ्यावर बेतलेला असेल तर पुरवठादार बदलताच वस्तू बदलल्यासारखी वाटते. प्रत्येक गुणांकाशेजारी अहवालाचा क्रमांक लिहायला एक रकाना लागतो, बस. भट्टीवाल्यांसाठी खास: ५६.१ हा आकडा निव्वळ उष्मांकावरचा आहे, म्हणजे धुरातल्या वाफेची उष्णता त्यात धरलेली नाही; स्थूल उष्मांकात ती धरतात. गॅसचं बिल स्थूल उष्मांकावर येत असेल तर तसाच गुणाकार केल्याने सुमारे दहा टक्के जास्त येतं.

जुन्या आकड्यांचं काय करायचं

दुरुस्ती झाली की लगेच मागच्या सगळ्या ऑर्डरी नव्याने मोजायचा मोह होतो. थांबा. ग्राहकाला पाठवलेला प्रत्येक आकडा त्या दिवशीच्या बीओएम आवृत्तीसह आणि गुणांकांसह गोठवून ठेवलेला हवा, नाहीतर सहा महिन्यांनी कोणी विचारलं की ४.०७ कुठून आले होते, तर सॉफ्टवेअर ४.६१ दाखवेल आणि तुमच्याकडे उत्तर नसेल. गोठवलेली प्रत तशीच ठेवा, नवीन आकडा नव्या आवृत्ती क्रमांकाने काढा. किती टक्के फरक पडला तर ग्राहकाला सुधारित आकडा पाठवायचा ती मर्यादा आत्ताच, चूक सापडायच्या आधी, लिहून ठरवा. चूक सापडल्यावर ठरवलेली मर्यादा नेहमी त्या चुकीपेक्षा थोडी मोठी निघते.

आणि रात्रीच्या कामानंतर तीन याद्या आपोआप मेलवर येऊ द्या: गुणांक नसलेल्या विकतच्या वस्तू, गुणांक असलेल्या बनवलेल्या वस्तू, आणि मागच्या वेळेपेक्षा पाच टक्क्यांहून जास्त हललेल्या वस्तू. पहिल्या दोन याद्या रिकाम्या असल्या पाहिजेत. तिसरी रिकामी नसेल, पण तिच्यातल्या प्रत्येक ओळीचं कारण कोणाला तरी सांगता आलं पाहिजे.